बोगद्यात शिंका, घरी आल्यावर दम: नेमकं कशानं होतंय?

प्रश्न: मी ३१ वर्षांचा आहे. एका भुयारी मेट्रोत ठेकेदारामार्फत रुळांच्या देखभालीच्या गँगमध्ये दीड वर्ष काम करतो. शेवटची गाडी गेल्यावर ब्लॉक मिळतो, साधारण साडेबारा ते चार. रूळ घासणं, बोल्ट आवळणं, नवे अँकर बसवायला काँक्रीटला भोकं पाडणं, झाडलोट, सगळं करावं लागतं. पहिल्या महिन्यापासून खाली उतरलं की शिंका सुरू होतात, नाक शिंकरलं की काळं निघतं. त्याची सवय झाली होती. पण गणपतीनंतर खोकला लागला आणि छाती आवळल्यासारखी होते. तीही बोगद्यात नाही, घरी येऊन झोपल्यावर, सकाळी आठ-नऊच्या सुमारास. बायको म्हणते, घरातल्या ओलीमुळे होतंय. दिवाळीत दहा दिवस वाईजवळ गावी होतो, तिथं काहीच त्रास झाला नाही. परत आल्यावर तिसऱ्या रात्रीनंतर पुन्हा सुरू. मेडिकलवाल्यानं दिलेल्या गोळ्यांनी दोन दिवस बरं वाटतं. कंपनी साधा निळा मास्क देते. ही ऍलर्जी आहे की फुप्फुसं खराब झाली? कोणता मास्क घेऊ? साहेबांना सांगितलं तर गेटपास जाईल का? नोकरी सोडायची सोय नाही, घराचा हप्ता आहे. पावसाळ्यात गळती वाढल्यापासून ग्राउटिंगवाल्या (भेगांत रसायन दाबून गळती बंद करणाऱ्या) टोळीत माणूस कमी पडला की मला पंपावर पाठवतात, त्यामुळे रजाही मिळत नाही. शहराचं आणि कंपनीचं नाव छापू नका.
— रात्रपाळीतला एक

उत्तर:

नमस्कार.

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ अगदी शेवटी, रजेच्या तक्रारीत अडकून आली आहे. नाकाचा त्रास दीड वर्षाचा आहे, छातीचा गणपतीनंतरचा. आणि ग्राउटिंगच्या पंपावर तुम्ही पावसाळ्यापासून जाऊ लागलात. हे दोन वेगळे त्रास असावेत, त्यांची कारणंही वेगळी असावीत, आणि दोन्ही ‘धुळीची ऍलर्जी’ या एका नावाखाली टाकले तर छातीचं दुखणं अंगावर काढलं जाईल. पत्रावरून निदान करता येत नाही. पण संशय कुठे घ्यायचा आणि तो कसा तपासायचा, हे मात्र नक्की सांगता येतं.

आधी नाकाचं. भुयारी मेट्रोतली धूळ रस्त्यावरच्या धुळीसारखी नसते. चाक रुळावर घासतं, ब्रेक झिजतात, पँटोग्राफची कार्बनची पट्टी वरच्या तांब्याच्या तारेवर घासते. त्यातून बारीक धातूचे कण उडतात आणि बंद जागेत फिरत राहतात. लंडनच्या भुयारी रेल्वेवरचा २००५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास पाहिला तर तिथल्या धुळीत वजनानं सुमारे ६७ टक्के लोहाचे ऑक्साइड आणि १ ते २ टक्के क्वार्ट्झ, म्हणजे सिलिका, होतं. फलाटांवर पीएम २.५ चं, म्हणजे अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचं, प्रमाण घनमीटरला २७० ते ४८० मायक्रोग्रॅम भरलं होतं. आपल्याकडे बाहेरच्या हवेसाठी २४ तासांच्या सरासरीची मर्यादा ६० आहे. लंडनचं भुयार शंभर वर्षांहून जुनं, आपले बोगदे नवे आणि पंखे चांगले, त्यामुळे तेच आकडे इथे लावायचे नाहीत. पण धुळीची जात तीच.

लोखंडाची धूळ ही सहसा ऍलर्जी आणणारी नव्हे. ती नाकाच्या आतल्या आवरणाला चुरचुर लावते, सूज आणते, आणि ज्यांना आधीपासून सर्दीची ऍलर्जी आहे त्यांचा त्रास वाढवते. खरे ऍलर्जीचे घटक बोगद्यात वेगळे असतात: गळतीच्या ठिकाणची बुरशी, झुरळं, उंदीर, वायुवीजनाच्या शाफ्टपाशी बसणाऱ्या कबुतरांची वाळलेली विष्ठा, आणि विश्रांतीच्या खोलीतल्या जुन्या गाद्यांमधले धुळीतले किडे. शिंका खाली उतरल्या उतरल्या येतात की विशिष्ट ठिकाणी गेल्यावर, हे आठवून पाहा. शाफ्टपाशी काम केल्यावर त्याच रात्री किंवा सकाळी ताप, थंडी आणि धाप लागत असेल तर तो साधा सर्दीचा प्रकार नाही, डॉक्टरांना ते मुद्दाम सांगा.

काळ्या शेंबडानं घाबरू नका. जो कण नाकात अडकला तो फुप्फुसात गेला नाही. काळजी करायची ती न दिसणाऱ्या कणांची. पण थुंकीत लाल दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना.

आता छातीचं. गळती थांबवताना भेगेच्या बाजूनं तिरकी भोकं पाडतात, त्यांत पॅकर (रेझिन आत सोडणारी नळी) बसवतात आणि पंपानं रेझिन दाबतात. ते पाण्याला भेटलं की फुगून फेस होतं आणि भेग भरते. हे रेझिन बहुतेक वेळा पॉलियुरेथेन असतं. साइटवर सगळे ‘पीयू’ म्हणतात. पीयूच्या एका भागात आयसोसायनेट नावाचं रसायन असतं, ग्राउटिंगमध्ये सहसा एमडीआय. व्यवसायातून होणाऱ्या दम्याच्या कारणांमध्ये आयसोसायनेटचं नाव जगभर वरच्या क्रमांकावर घेतलं जातं. रंगकाम, फोम, गोंद अशा उद्योगांत हे जुनं दुखणं आहे. बोगद्यात ते ‘गळतीचं काम’ म्हणून येतं, त्यामुळे कुणाच्या लक्षात येत नाही.

त्याची चाल ओळखून ठेवा. पहिले काही आठवडे किंवा महिने काहीच होत नाही. तेवढ्या काळात काही जणांचं शरीर त्या रसायनावर उलटायला शिकतं. एकदा ते झालं की पुढे फार थोडी मात्राही पुरते, शेजारी पंप चालू असला तरी. आणि त्रास तिथल्या तिथे होईलच असं नाही. चार ते आठ तासांनी येणारी प्रतिक्रिया या दम्यात नेहमीची आहे. तुम्ही एक ते तीनच्या दरम्यान पंपावर असाल तर हिशेब सकाळी पाच ते अकराचा निघतो. तुमची छाती आठ-नऊला आवळते. घरातल्या ओलीला दोष देण्याआधी हा हिशेब पाहायला हवा. ओल असेल तर ती पुसा, पण गावी दहा दिवस बरं वाटलं आणि परतल्यावर तिसऱ्या रात्रीनंतर पुन्हा सुरू झालं, तर त्या तीन रात्री तुम्ही कुठे होतात हे हजेरीच्या वहीत बघा.

वास येत नव्हता म्हणून हवा चांगली होती, असं समजू नका. एमडीआयला वास जेमतेम असतो, आणि आयसोसायनेटचा वास जाणवेपर्यंत प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या वर गेलेलं असतं. ते हवेत येतं कधी? दोन भाग मिसळताना. पॅकर सुटून किंवा भेगेतून उलटं येऊन फवारा उडाला तर. रेझिन तापून फुगत असताना. पंप सॉल्व्हंटनं धुताना. आणि नुकताच घट्ट झालेला, पूर्ण न वाळलेला फेस पत्र्यानं खरवडताना. कातडीला लागलेलं रेझिनही शरीराला उलटवायला हातभार लावतं, म्हणून हातमोजे नायट्राइलचेच हवेत. अंगाला लागलं तर थिनरनं पुसू नका, त्यानं ते आत शिरायला मदत होते. कापडानं टिपून घ्या, मग साबण आणि भरपूर पाणी. पूर्ण वाळलेल्या फेसापासून मात्र धोका नाही, भिंतीवर जुना फेस दिसला म्हणून दचकू नका.

पहिलं काम आजच्या आज करा. ड्रमच्या लेबलचा फोटो काढा, दोन्ही ड्रमच्या. लाल चौकटीत माणसाच्या छातीवर चांदणीसारखी फुटलेली खूण आहे का पाहा. ‘एच ३३४’ असा क्रमांक छापला असेल तर त्याचा अर्थ: श्वासावाटे गेल्यास ऍलर्जी किंवा दमा होऊ शकतो. शेजारी ‘एच ३१७’ असेल तर ती कातडीची ऍलर्जी. लेबल फाटलेलं असेल तर त्या मालाचं सुरक्षा माहितीपत्रक सुपरवायझरकडे मागा, साइटवर त्याला ‘एसडीएस’ किंवा ‘एमएसडीएस’ म्हणतात. त्यातला भाग २ धोके सांगतो, भाग ३ आत काय आहे ते, भाग ८ कोणतं संरक्षण हवं ते. सगळं ग्राउटिंग पीयूचं नसतं. सिमेंटचं किंवा ऍक्रिलिकचं असेल तर संशय दुसरीकडे वळेल. इपॉक्सी असेल तर त्याचा हार्डनरही दम्याला कारण होऊ शकतो.

आणि दुसरं: तपासणी होईपर्यंत पंपावर जाऊ नका. यात तडजोड नाही. आयसोसायनेटचा दमा लवकर ओळखून संपर्क तोडला तर बरं होण्याची शक्यता चांगली असते. महिनोन्महिने तसंच काम करत राहिलं तर पंप सुटला तरी दमा मागे राहतो.

आता तो तपासायचा कसा? पीक फ्लो मीटर, म्हणजे फुंकरीचा जोर मोजणारी नळी, घ्या. कोणत्याही चांगल्या मेडिकलमध्ये काहीशे रुपयांत मिळतं, वीज लागत नाही. उभं राहा, काटा शून्यावर आणा, पूर्ण श्वास भरा, ओठ नळीभोवती घट्ट मिटा आणि एका झटक्यात जोरात फुंका. फुंकर लांब असण्याची गरज नाही, जोर हवा. तीनदा फुंका, तिन्हींतला मोठा आकडा लिहा. जीभ नळीत गेली किंवा गाल फुगवून थुंकल्यासारखं फुंकलं तर आकडा फसवा येतो. पहिले दोन दिवस सवयीचे धरा.

दिवसातून निदान चारदा. तुमच्यासाठी या वेळा: झोपून उठल्यावर, ड्युटीवर निघण्याआधी, ब्लॉक संपल्यावर, घरी झोपायच्या आधी. सकाळी छाती आवळून जाग आली तर पाचवी, इन्हेलर असेल तर तो ओढण्याआधी. चार आठवडे हे चालू ठेवा आणि सुट्टीचे दिवस सोडू नका, उलट तेच सगळ्यात मोलाचे. रात्रपाळीवाल्यांची गडबड इथेच होते: सुट्टीत माणूस रात्री झोपतो आणि दम्याचा आकडा तसाही पहाटे उतरतो, त्यामुळे तुलना बिघडते. म्हणून वहीत घड्याळाच्या वेळेसोबत ‘उठल्यापासून किती तास’ हेही लिहा, आणि जमेल तेवढी सुट्टीतली झोप पाळीच्या वेळेलाच घ्या. मीटर तोच ठेवा, मित्राचा आणू नका.

आकड्यांशेजारी त्या रात्रीचं काम लिहा, आणि इथे कंजुषी नको. ‘ट्रॅकवर काम’ एवढं लिहून उपयोग नाही. ग्राइंडर किती मिनिटं, ड्रिलिंग ओलं की कोरडं, वेल्डिंग जवळ होतं का, डिझेलची गाडी उभी असताना इंजिन चालू होतं का, ग्राउटिंग किती मीटरवर, झाडू मारला का, पंखे कोणत्या बाजूनं चालू होते, तोंडावर काय होतं. यातली वेल्डिंगची वाफ, डिझेलचा धूर आणि काँक्रीटमधली सिलिका या तिन्हींना जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं कर्करोग करणाऱ्या घटकांच्या पहिल्या गटात टाकलं आहे, त्यामुळे दम्याचा संशय खोटा ठरला तरी ही वही वाया जाणार नाही.

वाचायचं असं. दिवसातला सगळ्यात मोठा आकडा ५२० आणि लहान ४०० असेल तर फरक १२०, म्हणजे २३ टक्के. कामाच्या दिवसांत असा २० टक्क्यांच्या वरचा फरक वारंवार पडत असेल आणि सुट्टीत तो कमी होत असेल, तर कामाशी नातं आहे असं डॉक्टर मानतात. पंपापासून दूर राहिल्यावर दोन-तीन आठवड्यांत आकडे सुधारले, तर तोही पुरावाच. त्यासाठी पुन्हा पंपावर जाऊन बघायचं नाही.

ही वही घेऊन श्वसनविकारतज्ज्ञांकडे जा. खासगी परवडत नसेल तर सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाचा छातीविकार विभाग. ईएसआयचं (कामगार राज्य विम्याचं) कार्ड असेल (मासिक वेतन २१,००० रुपयांपर्यंत असेल तर ते असायलाच हवं) तर तिकडे. खोकला दोन आठवड्यांवर गेला आहे, तेव्हा क्षयाची थुंकी तपासणी आधी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. सिलिकाच्या धुळीत काम करणाऱ्याला क्षयाचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो, म्हणून ‘मला कुठला टीबी’ असं म्हणून टाळू नका. मग छातीचा एक्स-रे आणि स्पायरोमेट्री (यंत्रात फुंकून फुप्फुसं तपासायची चाचणी), औषध ओढण्याआधी आणि नंतर अशी दोन्ही. औषधानंतर एका सेकंदात बाहेर पडणारी हवा १२ टक्के आणि २०० मिलिलिटरनं वाढली तर दम्याच्या बाजूनं कौल. नॉर्मल आली तर दमा नाही असं मात्र नाही. दुपारी, बरं वाटत असताना केलेली चाचणी बरेचदा नॉर्मलच येते. डॉक्टरांना ‘पीयू’, ‘आयसोसायनेट’ हे शब्द तुम्हीच सांगा आणि लेबलचा फोटो दाखवा. बहुतेक जण ‘मेट्रोत कामाला’ ऐकून ऑफिस समजतात.

रक्तातून शंभर पदार्थांची ऍलर्जी सांगणारी महागडी पॅनल सध्या करू नका. त्यात झुरळ आणि धुळीतले किडे पॉझिटिव्ह येतील, ते आपल्याकडे निम्म्या शहराचे येतील, आणि खरं कारण त्याआड लपेल. आयसोसायनेटची रक्तचाचणी निगेटिव्ह आली तरी त्यावरून तो दमा नाही असं ठरत नाही.

मेडिकलच्या गोळ्या आता बंद. अशा जुडीत बरेचदा स्टेरॉइडची गोळी असते, म्हणूनच दोन दिवस बरं वाटतं. ती अशी मनानं घेत राहिल्यानं साखर, रक्तदाब, हाडं सगळ्यावर परिणाम होतो. पण बरेच आठवडे रोज घेत असाल तर एकदम तोडू नका, पाकीट डॉक्टरांना दाखवून कमी करा. तिच्याबरोबरची सर्दीची गोळी झोप आणते, आणि रात्री दोन वाजता कामाची गाडी सरकत असलेल्या रुळावर पेंग येणं हा दम्याइतकाच मोठा धोका आहे. झोप न आणणारी गोळी डॉक्टरांकडून लिहून घ्या.

दमा ठरला तर मुख्य औषध इन्हेलरमधलं स्टेरॉइड असतं. त्याची मात्रा गोळीच्या मानानं फार थोडी असते आणि ते थेट जागेवर पोचतं. ‘पंपाची (इन्हेलरची) सवय लागते’ हा समज घरोघरी आहे. त्यापायी माणसं फक्त निळा पंप, म्हणजे तात्पुरता आराम देणारा इन्हेलर, ओढत राहतात आणि आतली सूज वाढत जाते. २०१९ पासून दम्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शनानुसार एकटा निळा पंप पुरेसा धरला जात नाही. ओढल्यावर चूळ भरा. स्पेसर (इन्हेलरला जोडायची पोकळ नळी) लावून घ्या, औषध घशात कमी आणि छातीत जास्त जातं.

बोलताना वाक्य पुरं होत नसेल, ओठ निळसर झाले, पंप ओढूनही दहा-पंधरा मिनिटांत उतार नसेल, किंवा पीक फ्लो तुमच्या सर्वोत्तम आकड्याच्या निम्म्याखाली गेला, तर १०८ लावा आणि रुग्णालय गाठा. बोगद्यात असं झालं तर ब्लॉक इनचार्जला लगेच सांगा, ते ओसीसीला (मेट्रोच्या नियंत्रण कक्षाला) कळवतील. एकट्यानं शाफ्टच्या जिन्यानं चढायला जाऊ नका. निळा पंप लॉकरमध्ये नको, खिशात हवा.

नाकासाठी पाळी संपल्यावर मिठाच्या पाण्यानं नाक धुवा. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचा सपाट दीड चमचा. नळाचं कच्चं पाणी वापरू नका, त्यातून क्वचित पण जिवावर बेतणारा संसर्ग होऊ शकतो. डॉक्टरांनी नाकाचा स्टेरॉइड स्प्रे दिला तर उजव्या नाकपुडीत डाव्या हातानं आणि डावीत उजव्या हातानं मारा, स्प्रेचं तोंड बाहेरच्या, कानाच्या दिशेला. मधल्या पडद्यावर मारलं की रक्त येतं. गुण यायला एक-दोन आठवडे लागतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब पाच-सात दिवसांच्या पुढे नेऊ नका, नंतर तेच नाक चोंदवतात.

मास्कबद्दल विचारलंत. निळा मास्क समोरच्याला तुमच्या थुंकीपासून वाचवतो; कडांनी हवा सरळ आत येते, म्हणून धुळीसाठी तो निकामी. धुळीला एन-९५ किंवा आयएस ९४७३ हा क्रमांक छापलेला एफएफपी-२ हवा. ग्राइंडिंग आणि ड्रिलिंगला एफएफपी-३, किंवा त्याहून चांगला म्हणजे रबरी अर्धा मास्क आणि पी-३ फिल्टर. दाढी असेल तर यातलं काहीही बसत नाही. एक दिवसाची खुंटंही फट ठेवतात. कानाला अडकवायचे प्रकार टाळा, डोक्यामागून दोन पट्ट्या जाणारा घ्या. नाकाची पट्टी दोन्ही हातांच्या बोटांनी दाबा, एका हातानं चिमटलं तर मधे टोक निघतं. मग दोन्ही तळहात वर ठेवून जोरात श्वास घ्या: मास्क आत खेचला गेला पाहिजे, कडेनं गार हवा लागायला नको. घामानं भिजला की बदला, कारण ओल्या मास्कमधून श्वास जड होतो आणि माणूस नकळत तो हनुवटीवर ओढतो.

पण एफएफपी-२ असो की ३, वाफा त्यातून जातात. सॉल्व्हंटसारख्या सेंद्रिय वाफांना तपकिरी पट्टीचा ‘ए’ फिल्टर लागतो, धुळीसह हवा असेल तर तपकिरी-पांढरा. पीयूवर काम करणाऱ्या तुमच्या सोबत्यांना निदान तो मिळायला हवा, बंदिस्त जागेत बाहेरून हवा पुरवणारा मास्क. तुमच्यासारख्या, ज्याच्यावर आधीच संशय आहे त्यानं मात्र कोणत्याही मास्कच्या भरवशावर तिथे जाऊ नये.

मास्क लावूनही बोगद्यात धूळ कमी करण्यासारखं पुष्कळ आहे. कोरडा झाडू आणि कॉम्प्रेसरची हवा, हे दोन्ही बंद करून घ्या. २.५ मायक्रॉनचा कण स्थिर हवेत सेकंदाला साधारण ०.२ मिलिमीटर खाली येतो, म्हणजे दोन मीटर उतरायला पावणेतीन तास. एकदा झाडू मारला की तुमचा उरलेला सगळा ब्लॉक त्याच धुळीत जातो. हेपा फिल्टरचा, एच वर्गाचा औद्योगिक व्हॅक्यूम हवा. घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून बाहेर फेकतो. ड्रिलला धूळ ओढणारी टोपी बसते आणि ती व्हॅक्यूमला जोडता येते. पाणी मारून चालण्यासारखं असेल तिथे, वीज बंद असल्याची खात्री करून, ओलं काम करा. कामाचा क्रमही बदलायला सांगा: मोजमाप, बोल्ट, तपासणी आधी, घासणं आणि भोकं पाडणं ब्लॉकच्या शेवटी. आणि ब्लॉक घेतानाच ओसीसीला बोगद्याचे पंखे कोणत्या दिशेनं चालवणार ते विचारा, म्हणजे गँग ताज्या हवेच्या बाजूला उभी राहील.

साहेब म्हणतील, फलाटावर हवेचा आकडा उत्तम येतो. येईलच. काचेच्या दारांनी फलाट बोगद्यापासून तोडलेला असतो. सोलच्या मेट्रोत अशी दारं बसवल्यावर फलाटावरची धूळ कमी झाली आणि गाड्यांच्या आत मात्र वाढली, कारण ती बोगद्यातच कोंडली गेली. शिवाय स्वस्त लेसर सेन्सर शहरी धुळीसाठी जुळवलेले असतात, लोखंडाच्या जड कणांचं वजन ते कमी दाखवतात. माणसाच्या कमरेला हवा ओढणारा छोटा पंप आणि कॉलरला फिल्टर लावून, पूर्ण पाळीभर, बोगद्यात घेतलेलं मोजमाप मागा. मुंबईत शीव इथली केंद्र सरकारची केंद्रीय श्रम संस्था अशा औद्योगिक आरोग्याच्या कामासाठीच आहे; कंपनीला किंवा युनियनला तिच्याकडे विचारणा करता येते.

कामाचे कपडे तिथेच बदला, घरी झटकू नका, धुतलेत तर वेगळे. लहान मूल घरात असेल तर हे आणखी महत्त्वाचं.

आता गेटपासची भीती. ती खोटी आहे असं आम्ही म्हणणार नाही. ठेकेदारीत माणूस गुपचूप बदलला जातो. म्हणूनच तोंडी सांगू नका आणि ‘मी आजारी आहे’ असं सुरुवातीलाच लिहू नका. पहिला अर्ज फक्त कामाबद्दल द्या, आणि शक्यतो गँगमधल्या चार-पाच जणांच्या सह्यांनी: ‘ग्राउटिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या रसायनाचं सुरक्षा माहितीपत्रक मराठीत समजावून द्यावं. त्या कामासाठी प्रशिक्षण न झालेल्या माणसांना पंपावर नेमू नये. ग्राइंडिंग आणि ड्रिलिंगसाठी योग्य मास्क आणि व्हॅक्यूम मिळावा.’ एक प्रत ठेकेदाराला, एक मेट्रोच्या सुरक्षा अधिकाऱ्याला, पोच घेऊन. मूळ मालक म्हणून मेट्रोचीही जबाबदारी असते, सगळं ठेकेदारावर ढकलून चालत नाही. तुम्हाला प्रशिक्षण मिळालेलं नसेल तर पंपावर न जाण्याचं कारण तुम्हाला याच अर्जात मिळतं, आजाराचा उल्लेख न करता.

दुसरा अर्ज डॉक्टरांचं पत्र हातात आल्यावर. पत्रात ‘विश्रांती’ किंवा ‘हलकं काम’ असं मोघम लिहून घेऊ नका, त्यावरच माणूस अनफिट ठरवून काढतात. ‘आयसोसायनेट असलेल्या कामापासून दूर ठेवावं, इतर कामास योग्य’ असं नेमकं लिहून मागा. आयसोसायनेटची विषबाधा आणि सिलिकोसिस (सिलिकाच्या धुळीनं होणारा फुप्फुसाचा आजार) ही दोन्ही नावं १९४८ च्या कारखाने कायद्यातल्या कळवण्याजोग्या आजारांच्या अनुसूचीत होती आणि २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेच्या यादीतही आहेत. असा आजार आढळला तर तो अधिकाऱ्यांना कळवणं हे मालकाचं काम आहे आणि तपासणाऱ्या डॉक्टरांचंही. कामामुळे झालेला आजार भरपाईच्या कायद्यात कामावरच्या अपघातासारखा धरला जातो, पण त्यासाठी ‘हा माणूस त्या तारखांना त्या पंपावर होता’ हे दाखवावं लागतं. पावसाळ्यापासूनची हजेरी, ब्लॉकच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे कामवाटपाचे मेसेज, पंपाजवळचे फोटो, हे सगळं आत्ताच ईमेलवर उतरवून ठेवा. ग्रुपमधून काढल्यावर ते हाती लागत नाही.

नोकरी सोडायची का, याचं उत्तर आज ‘नाही’ असंच द्यायचं. पंप सोडा, बोगदा लगेच सोडायची गरज दिसत नाही. स्टॉकहोममध्ये भुयारी रेल्वेच्या चालकांची पाहणी झाली, त्यात फुप्फुसाचा कर्करोग इतरांपेक्षा वाढलेला आढळला नाही. फलाटावर काम करणाऱ्यांच्या रक्तात मात्र सूज दाखवणारे काही घटक काहीसे जास्त होते. ही माणसं ग्राइंडर धरणारी नव्हेत, तेव्हा तुमच्या कामाला तो दाखला पुरता लागू नाही. पण नुसतं भुयारात जाण्यानं फुप्फुसं गेली असं समजू नका. चार आठवड्यांची वही, स्पायरोमेट्री आणि पंपाविना गेलेले दिवस यांवरून पुढचं ठरेल. पंप सोडूनही आकडे खालीच राहिले, तर देखभालीच्या वरच्या कामात, डेपोत किंवा उन्नत मार्गावर बदली मागा.

आणि पंपावर तुमच्या जागी आता जो उभा राहील, त्याला लेबलचा तो फोटो आधी पाठवा.